विश्लेषण : पावसाळ्यात चिखलाने माखलेल्या कुत्र्याला रोज आंघोळ घालावी का? घरच्या घरी स्वच्छ कसे करायचे?

पावसाने जरा उघडीप दिली म्हणून कुत्र्याला खाली फिरवायला न्यावे आणि परत येताना त्याचे चारही पाय, पोट आणि शेपटी चिखलाने माखलेली असावी. दारातून आत आल्या आल्या तो अंग झटकतो, भिंतीवर शिंतोडे उडतात आणि आतून आवाज येतो, ‘आधी त्याला मोरीत ने!’ कुत्रा असलेल्या घरात जून ते सप्टेंबर हा प्रसंग रोजचाच.

बहुतेक घरांत यावर एकच उपाय केला जातो. थेट आंघोळ, तीही शाम्पूने आणि अनेकदा रोज. चिखल निघतो, पण काही दिवसांनी कुत्रा अंग खाजवू लागतो, कान झटकू लागतो, अंगाला वास येऊ लागतो. असे का होते आणि योग्य पद्धत कोणती, ते पाहू.

चिखल जास्त त्रासदायक की ओल?

अंगणातला किंवा मैदानावरचा साधा चिखल म्हणजे माती आणि पाणी. तो वाळला की ब्रशने बऱ्यापैकी झडतो. त्वचेला खरा त्रास होतो तो केसांच्या मुळाशी तासन् तास राहणाऱ्या ओलीचा. कुत्र्याच्या त्वचेवर जिवाणू आणि यीस्ट नेहमीच थोड्या प्रमाणात असतात. उबदार आणि दमट जागा मिळाली की त्यांची संख्या वाढते. ओल्या कुत्र्याचा ओळखीचा वासही याच सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या पदार्थांचा असतो. पाण्याबरोबर ते हवेत मिसळतात आणि आपल्या नाकापर्यंत येतात.

म्हणून चिखल काढताना कुत्रा आणखी भिजवून ठेवला आणि नीट वाळवला नाही, तर एक अडचण सोडवताना दुसरी उभी राहते. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. तुंबलेले, गटाराचे किंवा पुराचे पाणी हे साध्या चिखलात मोडत नाही. त्याबद्दल पुढे पाहू.

रोज शाम्पू लावल्याने काय होते?

माणसाची त्वचा किंचित आम्लधर्मी असते. तिचा पीएच साधारण ५.५ च्या आसपास असतो. कुत्र्याच्या त्वचेचा पीएच त्याहून जास्त, ७ च्या जवळपास असतो. शिवाय त्याच्या त्वचेचा वरचा थर माणसाच्या तुलनेत पातळ असतो. त्यामुळे आपला शाम्पू किंवा अंगाचा साबण त्याला मानवत नाही. कुत्र्यांसाठीचा शाम्पू असला तरी रोजच्या वापराने त्वचेवरचे नैसर्गिक तेल निघून जाते. हे तेलच केसांना पाण्यापासून थोडे संरक्षण देते. ते गेले की त्वचा कोरडी पडते, खाज सुटते, खाजवून जखम होते आणि त्या जखमेत संसर्ग होतो.

गेल्या जुलैत आमच्याच घरी हे घडले. आमचा देशी कुत्रा पाच वर्षांचा. सलग आठ दिवस रोज संध्याकाळी त्याला शाम्पू लावला. नवव्या दिवशी मांडीच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा भाग लाल, ओलसर आणि केस गळालेला दिसला. डॉक्टरांनी आधी विचारले, आंघोळ किती वेळा घालता? मी मोठ्या अभिमानाने ‘रोज’ म्हणालो. मग त्यांनी विचारले, वाळवता कसे? त्यावर माझ्याकडे ‘पंख्याखाली बसतो तो’ एवढेच उत्तर होते. त्या जखमेला ‘हॉट स्पॉट’ म्हणतात हे तेव्हा कळले. ती बरी होईपर्यंत औषध, गळ्यात प्लास्टिकचा कोन आणि रात्रीची जागरणे, सगळे झाले.

दारातच काय करावे?

अर्धे काम दाराबाहेर होते. दाराजवळ एका पिशवीत काही वस्तू कायम ठेवा : दोन जुने सुती पंचे किंवा टॉवेल, एक मोठा प्लास्टिकचा मग, दात जवळ असलेला कंगवा आणि रबरी हातमोजे. घरी आल्यावर पट्टा लगेच सोडू नका. पट्टा हातात असला की कुत्रा सोफ्यापर्यंत पोहोचत नाही.

आणि त्याला अंग झटकू द्या. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेच्या संशोधकांनी २०१२ मध्ये वेगवेगळे ओले प्राणी अंग कसे झटकतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्राणी जितका लहान, तितका झटकण्याचा वेग जास्त, असे त्यात दिसले. उंदीर सेकंदाला सुमारे ३० वेळा अंग हलवतो, तर लॅब्राडॉरसारखा कुत्रा सेकंदाला ४ ते ५ वेळा. कुत्र्याची कातडी सैल असल्यामुळे ती शरीरापेक्षा जास्त फिरते आणि पाणी जोरात बाहेर फेकले जाते. धुण्याच्या यंत्रातला ‘स्पिन’ जे करतो तेच हे. काही सेकंदांत अंगावरच्या पाण्याचा मोठा भाग निघून जातो. म्हणजे टॉवेल लावण्याआधी जिन्याजवळ किंवा व्हरांड्यात त्याला दोनदा झटकू दिले, तर आपले काम आपोआप कमी होते.

काळी माती आणि लाल माती, दोन्हींना एकच उपाय चालतो का?

नाही. देशावरच्या काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण जास्त असते. ही माती पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसते. बोटांच्या मधल्या केसांत तिचे गोळे अडकले आणि तिथेच वाळले, तर ते केस ओढून धरतात. चालताना कुत्र्याला ते खड्यासारखे टोचतात. म्हणून काळी माती पायांवर वाळू देऊ नका, ओली असतानाच धुवा. पाठीवर किंवा मांडीवर मात्र ती वाळू दिलेली बरी. वाळल्यावर बोटांनी फोडून ब्रश केला की निघते.

कोकण आणि गोव्यातली लाल माती तिच्यातल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे लाल असते. तिचे बारीक कण पांढऱ्या केसांवर डाग सोडतात. पोमेरेनियन किंवा पांढऱ्या देशी कुत्र्याचे पाय तांबूस दिसतात ते यामुळेच. हा डाग घासघासून काढायच्या मागे लागू नका. साध्या पाण्याने धुतल्यावर उरलेला रंग त्वचेला अपाय करत नाही.

दोन्ही प्रकारांत एक नियम सारखाच आहे. ओला चिखल टॉवेलने रगडू नका. रगडल्याने तो केसांच्या मुळाशी जातो.

पंजे कसे धुवावेत?

रोजच्या फिरण्यानंतर बहुतेक वेळा एवढेच पुरते. मगमध्ये कोमट पाणी घ्या. एकेक पंजा त्यात बुडवा आणि बोटांच्या मधल्या जागेत आपली बोटे हलक्या हाताने फिरवा. पाणी गढूळ झाले की बदला. साबणाची गरज नसते.

पंजा बाहेर काढल्यावर तळव्याच्या गाद्या आणि नखे उजेडात बघा. काटा, काच, चीर किंवा गोचीड आहे का ते पाहा. मग टॉवेलचे टोक प्रत्येक दोन बोटांच्या मध्ये दाबून ती जागा कोरडी करा. घाईत हीच पायरी राहून जाते. पुढे कुत्रा पंजे सतत चाटू लागतो, मधली त्वचा लाल होते आणि आपण त्याला ‘सवय’ म्हणून सोडून देतो.

पंजे झाल्यावर ओल्या कापडाने पोट, काखा आणि मांड्यांची आतली बाजू पुसा. गळ्यातली कॉलर काढून वेगळी वाळत घाला. ओल्या कॉलरखाली अनेकदा पुरळ उठते.

पूर्ण आंघोळ कधी आणि कशी?

कुत्रा चिखलात लोळला असेल, अंगाला घाण वास येत असेल किंवा तो गटाराच्या पाण्यात गेला असेल, तर आंघोळ हवीच. एरवी निरोगी कुत्र्याला तीन ते चार आठवड्यांतून एकदा शाम्पू पुरतो. जात, केस आणि त्वचेचा आजार यांप्रमाणे डॉक्टर वेगळे सांगू शकतात.

आंघोळीचा क्रम असा ठेवा :

– आधी कंगवा फिरवा. गुंता ओला झाला की आणखी घट्ट होतो.
– मोरीत पायाखाली जुने पायपुसणे किंवा रबरी चटई टाका. पाय घसरू लागला की कुत्रा घाबरतो आणि पुढच्या वेळी मोरीत यायलाच तयार होत नाही.
– सांडपाण्याच्या तोंडावर जाळी ठेवा. केस आणि चिकणमाती एकत्र आली की नळी तुंबते.
– आधी नुसत्या कोमट पाण्याने चिखल वाहून जाऊ द्या. शाम्पू त्यानंतर.
– शाम्पू मगभर पाण्यात मिसळून मानेपासून मागे लावा. डोके आणि तोंड शेवटी, फक्त ओल्या कापडाने पुसा.
– निथळणारे पाणी पूर्ण स्वच्छ होईपर्यंत धुवा. केसांत राहिलेला शाम्पूही खाज आणतो.

दोन महिन्यांच्या आतबाहेरची पिल्ले लवकर गारठतात. त्यांना पावसाळ्यात भिजवण्यापेक्षा कोमट ओल्या कापडाने पुसून लगेच कोरडे करणे बरे.

वाळवण्यात आपण काय चुकतो?

वरचे केस कोरडे लागले म्हणजे कुत्रा वाळला असे नसते. लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, हस्की या जातींना केसांचे दोन थर असतात. आतला मऊ थर पाणी धरून ठेवतो. दमट हवेत, नुसत्या पंख्याखाली तो वाळायला खूप वेळ लागतो.

टॉवेल घासू नका, दाबा. पहिला टॉवेल ओला झाला की दुसरा घ्या. हेअर ड्रायर वापरायचा असेल, तर सर्वांत कमी उष्णतेवर ठेवा, एका जागी धरू नका आणि हवा आधी आपल्या हातावर घेऊन बघा. शेवटी बोटांनी केस बाजूला करून मुळाशी हात लावा. तिथे गार, ओलसर लागत असेल तर काम अजून बाकी आहे.

कानांकडे वेगळे लक्ष हवे. कुत्र्याच्या कानाची नळी इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी वळलेली असते. आत गेलेले पाणी सहज बाहेर येत नाही. लोंबते कान असलेल्या लॅब्राडॉर, बीगल, कॉकर स्पॅनियल यांना याचा त्रास अधिक होतो. कानाचा दिसतो तेवढाच भाग कोरड्या कापडाने पुसा. इअरबड आत घालू नका, मळ आणखी आत ढकलला जातो. तेलही ओतू नका.

लेप्टोची काळजी किती करावी?

घाबरू नये, पण विसरूही नये. लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार आहे. उंदीर आणि इतर बाधित प्राण्यांच्या लघवीतून हे जिवाणू पाण्यात आणि ओल्या मातीत येतात. तिथे ते बराच काळ जगू शकतात. त्वचेवरची जखम किंवा डोळे, नाक, तोंड यांतून ते शरीरात जातात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुरानंतर शहरात लेप्टोचे रुग्ण वाढले होते. तेव्हापासून दर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालू नका, अशी सूचना दिली जाते.

हा आजार कुत्र्यांनाही होतो. काही वेळा कुत्रा आजारी दिसत नाही, पण त्याच्या लघवीतून जिवाणू बाहेर पडत राहतात. म्हणजे इथे प्रश्न कुत्र्याचा आहे तसाच त्याला धुणाऱ्या माणसाचाही आहे.

तुंबलेल्या पाण्यातून आलेल्या कुत्र्याला धुताना हातमोजे घाला. हाताला किंवा पायाला चीर असेल, तर ती झाका किंवा हे काम दुसऱ्याला द्या. लहान मुलांना यात घेऊ नका. पाण्याचे शिंतोडे तोंडावर येणार नाहीत असे बघा. काम झाल्यावर हातपाय साबणाने धुवा, मोरी जंतुनाशकाने धुऊन कोरडी करा. हे जिवाणू कोरडेपणात तग धरत नाहीत.

कुत्र्यासाठी लेप्टोची लस असते. सुरुवातीला काही आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा आणि मग दरवर्षी एक. ही लस सर्व प्रकारच्या लेप्टोपासून वाचवत नाही, तरीही ती घेणे फायद्याचे असते. रेबीजची लस वेगळी. लसीकरणाच्या कार्डावर लेप्टोची नोंद आहे का, ते आजच बघा. आणि डबक्यातले पाणी त्याला पिऊ देऊ नका.

अशा पाण्याशी संपर्क आल्यानंतर घरात कोणाला ताप, अंगदुखी किंवा डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली, तर डॉक्टरांना त्या पाण्याबद्दल आणि कुत्र्याबद्दल आवर्जून सांगा. लक्षणे साधारण ५ ते १४ दिवसांत दिसतात, कधी महिनाही लागतो. प्रतिजैविके मनाने घेऊ नका आणि आपल्या गोळ्या कुत्र्याला तर मुळीच देऊ नका.

गोचीड दिसली तर?

चिखल धुताना अंगावरून हात फिरतो, त्याच वेळी गोचीड शोधता येते. कानांच्या आत आणि मागे, कॉलरखाली, काखेत आणि बोटांच्या मध्ये बघा. चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ पकडून सरळ वर ओढा. पिळू नका, बोटांनी चिरडू नका, काडीने जाळू नका, रॉकेल लावू नका. गोचीडीतून पसरणाऱ्या तापात कुत्रा खाणे सोडतो, मलूल होतो, हिरड्या फिकट पडतात. अशा वेळी वाट पाहू नका.

गोचीडीचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आणा. घरात मांजर असेल तर ते आधीच सांगा. कुत्र्यांच्या काही औषधांतले पर्मेथ्रिन मांजरांसाठी विषारी असते.

घरगुती उपाय चालतात का?

बरेचसे चालत नाहीत. फरशीचे फिनाईल किंवा जंतुनाशक आंघोळीच्या पाण्यात टाकू नका. त्वचा भाजते, आणि कुत्रा अंग चाटतो तेव्हा ते पोटातही जाते. टी ट्री तेल कुत्र्यांना विषारी ठरू शकते. लिंबाचा रस खाजवलेल्या त्वचेवर झोंबतो. बेसन केसांत अडकून राहते आणि ओल धरते. चिखलासाठी कोमट पाणी आणि कोरडा पंचा याहून चांगला घरगुती उपाय नाही.

कुत्रा पंजांना हात लावू देत नसेल तर?

पावसाळा सुरू व्हायची वाट न पाहता कोरड्या दिवशी सवय लावा. रोज एक पंजा दोन सेकंद धरायचा, सोडायचा आणि आवडीचा खाऊ द्यायचा. हळूहळू वेळ वाढवा. तो गुरगुरला तर रागावू नका, थांबा. गुरगुरणे म्हणजे त्याने दिलेली सूचना असते. ती दाबली तर पुढच्या वेळी तो न सांगता चावू शकतो. चावा किंवा ओरखडा बसला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि डॉक्टरांकडे जा, कुत्रा घरचा असला तरी.

सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांसाठी काय करावे?

माया वाटली तरी पावसात त्यांना आंघोळ घालू नका. त्यांना वाळवायला आणि उबेत ठेवायला जागा नसते. जिन्याखाली किंवा पार्किंगच्या कोरड्या कोपऱ्यात गोणपाट टाका आणि भिजले की बदला. त्यांना तेवढीच मोठी मदत होते.

डॉक्टरांकडे कधी न्यावे?

त्वचेचा भाग लाल, ओलसर किंवा केस गेलेला दिसला, कानातून वास किंवा स्राव येत असेल, कुत्रा डोके एका बाजूला कलते ठेवत असेल, लंगडत असेल तर एक-दोन दिवसांत दाखवा. ताप, उलट्या, खाणे बंद, डोळे किंवा हिरड्या पिवळसर, लघवी खूप जास्त किंवा खूप कमी, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी न्या आणि तो कोणत्या पाण्यातून गेला होता तेही सांगा.

आमच्या घरी यंदा शाम्पूची बाटली कपाटात गेली आहे आणि दाराच्या खुंटीवर दोन पंचे लटकत आहेत. रोज फिरून आल्यावर पंजे, पोट आणि कान एवढेच करतो. दहा मिनिटे लागतात. भिंतीवर अजूनही शिंतोडे उडतात, पण भिंत पुसता येते.